ऑक्सिजन वाढवूनही सॅच्युरेशन वाढत नाही तेव्हा

रुग्णाच्या तोंडावर मास्क आहे, ऑक्सिजनचा प्रवाह मिनिटाला १५ लिटरवर नेला आहे आणि तरी मॉनिटरवरचा आकडा ८४ वरून हलत नाही. नातेवाईक काकुळतीला येऊन म्हणतात, "डॉक्टर, अजून थोडा वाढवा ना." त्यांचे म्हणणे साहजिक आहे. जे कमी पडते ते जास्त द्यावे, हा व्यवहार सगळ्यांना कळतो. पण या रुग्णाला पुरवठा कमी पडलेला नसतो. त्याच्या रक्ताचा मोठा हिस्सा अशा वायुकोशांवरून वाहत असतो, जिथे हवा पोहोचतच नाही. ते वायुकोश पाण्याने, पुवाने किंवा रक्ताने भरलेले असतात, नाहीतर मिटून गेलेले असतात. हृदयाच्या उजव्या बाजूने निघालेले काळपट रक्त तसेच काळपट डाव्या बाजूला येते आणि तिथल्या तांबड्या रक्तात मिसळते. याला शंट म्हणतात. अतिदक्षता विभागातल्या श्वसनाच्या अनेक गंभीर प्रसंगांच्या मुळाशी तो असतो.

गेल्या पाऊणशेहून अधिक वर्षांत या प्रश्नावर अफाट काम झाले. शंट कसा मोजावा, कसा कमी करावा, त्यासाठी कोणता वायू द्यावा आणि कोणते यंत्र लावावे, हे सगळे तपासून झाले. त्यातून पुढे आलेली एक गोष्ट आजही वॉर्डात पुरेशी झिरपलेली नाही. ती अशी की शंटचा आकडा सुधारणे आणि रुग्ण वाचणे, या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. काही उपचारांनी आकडा झळाळला, पण जीव वाचले नाहीत. काही उपचारांत आकडा जरा घसरला आणि माणसे वाचली. हा आढावा त्या अंगाने घ्यायचा आहे.

आधी हिशेब. निरोगी माणसातही थोडा शंट असतोच. श्वासनलिकांतले रक्त परत नेणाऱ्या शिरा आणि हृदयाच्या स्नायूतल्या काही बारीक शिरा आपले रक्त थेट डाव्या बाजूला सोडतात. हा भाग हृदयातून बाहेर पडणाऱ्या एकूण रक्ताच्या २ ते ५ टक्के असतो आणि त्याने काही बिघडत नाही. गंभीर न्यूमोनियात किंवा एआरडीएसमध्ये (दोन्ही फुप्फुसे सुजून पाण्याने भरण्याच्या तीव्र विकारात) हाच भाग ३०, ४०, कधी ५० टक्क्यांपर्यंत जातो.

अशा वेळी ऑक्सिजन वाढवून उपयोग का होत नाही? १०० मिलिलिटर रक्तात १२ ग्रॅम हिमोग्लोबिन असेल, तर ते पूर्ण भरल्यावर साधारण १६ मिलिलिटर ऑक्सिजन धरते. रक्तात नुसता विरघळलेला ऑक्सिजन अगदी नगण्य असतो. साध्या हवेवर तो ०.३ मिलिलिटर आणि १०० टक्के ऑक्सिजनवरही २ मिलिलिटरच्या आसपास भरतो. फुप्फुसाचा जो भाग चांगला आहे तिथले हिमोग्लोबिन आधीच काठोकाठ भरलेले असते, त्यामुळे जास्तीच्या ऑक्सिजनने तिथे फारशी भर पडत नाही. जो भाग बंद आहे तिथे तो जास्तीचा ऑक्सिजन जातच नाही. म्हणून चांगला भाग वाईट भागाची उणीव भरून काढू शकत नाही. लंडनमध्ये नन या संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये शंटच्या निरनिराळ्या प्रमाणांसाठी आलेख काढले. शंट १० टक्के असेल तर ऑक्सिजन वाढवताच धमनीतला ऑक्सिजनचा दाब झपाट्याने चढतो. शंट ५० टक्क्यांवर गेला की तीच रेषा जवळजवळ आडवी पडते. हवा कमी पण काही प्रमाणात पोहोचते अशा फुप्फुसाचे वागणे याहून वेगळे. दमा किंवा सीओपीडीच्या रुग्णाचा आकडा थोड्याशा ऑक्सिजनने वर येतो. ऑक्सिजनला मिळणारा प्रतिसाद हेच खाटेजवळचे पहिले निदान होय.

कार्बन डायऑक्साइडचे तसे होत नाही. शंट असलेला रुग्ण धापा टाकतो आणि चांगल्या भागातून जास्तीचा कार्बन डायऑक्साइड बाहेर फेकतो, कारण त्या वायूच्या बाबतीत काठोकाठ भरण्याची ती मर्यादा आड येत नाही. म्हणून एबीजीच्या, म्हणजे धमनीतल्या रक्तातील वायूंच्या तपासणीच्या, कागदावर ऑक्सिजन अगदी कमी आणि कार्बन डायऑक्साइड नेहमीइतका किंवा त्याहूनही कमी दिसतो. तो वाढू लागला, तर रुग्ण थकतो आहे असे समजावे आणि वाट पाहू नये.

आता सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा. शंटमधून जाणारे रक्त किती काळपट आहे, यावर धमनीतला आकडा मोठ्या प्रमाणात ठरतो. समजा शंट ४० टक्के आहे. शरीर वापरून परत आलेल्या रक्ताचे सॅच्युरेशन ७० टक्के असेल, तर विरघळलेला ऑक्सिजन सोडून देऊन सरळ गणित मांडता येते. ६० टक्के रक्त पूर्ण भरलेले आणि ४० टक्के रक्त ७० वर, म्हणजे धमनीत ८८. आता फुप्फुस तेच, व्हेंटिलेटर तोच, पण रुग्णाला १०३ ताप चढला, तो थंडीने कुडकुडतो आहे, किंवा सेप्सिसमुळे त्याचे हृदय दमले आहे. परतणारे रक्त ५० टक्क्यांवर आले, तर धमनीतला आकडा ८० होतो. फुप्फुसात काहीही बदललेले नाही. तरी रात्रपाळीचा रेसिडेंट एक्स-रे मागवतो, पीप (श्वास सोडल्यावरही फुप्फुसात राखलेला दाब) वाढवतो, आणि पीप वाढल्याने हृदयाकडे परतणारे रक्त आणखी कमी होऊन आकडा अजून खाली येतो. हा प्रकार वारंवार होतो. त्यावरचा उपाय फुप्फुसाबाहेर असतो. ताप उतरवणे, कुडकुडणे थांबवणे, रुग्ण व्हेंटिलेटरशी झगडत असेल तर त्याला गुंगी देणे, हृदयाचा जोर कमी पडत असेल तर त्याला आधार देणे. हिमोग्लोबिन फार खाली असेल तर रक्त देणे हाही त्यातलाच भाग. मात्र रक्त चढवण्याचा उंबरठा साधारण ७ ग्रॅमवर असावा, हे कॅनडात ८३८ रुग्णांवर झालेल्या आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीपासून मान्य झाले आहे. नुसता आकडा सजवायला रक्त देऊ नये.

फुप्फुसाची स्वतःची एक युक्तीही आहे. स्वीडनमध्ये फॉन ऑयलर आणि लिल्येस्ट्रांड यांनी १९४६ मध्ये मांजरांवर प्रयोग करताना पाहिले की श्वासात ऑक्सिजन कमी केला की फुप्फुसाच्या धमनीतला दाब वाढतो. शरीराच्या इतर भागांतल्या रक्तवाहिन्या ऑक्सिजन कमी झाला की रुंदावतात, फुप्फुसातल्या मात्र आकसतात. दारे धरणारा शेतकरी भरलेल्या वाफ्याचे तोंड मातीने बंद करून पाणी पुढच्या वाफ्याकडे वळवतो, तसे फुप्फुस हवा नसलेल्या भागाचे रक्त तोडून हवा असलेल्या भागाकडे वळवते. ही युक्ती शाबूत असेल, तर एका खंडाचा मोठा न्यूमोनियाही सॅच्युरेशन फार न घसरता निभावून जातो.

अतिदक्षता विभागात आपण नकळत हीच युक्ती मोडतो. रक्तदाब उतरवण्यासाठी लावलेले नायट्रोग्लिसरीन, नायट्रोप्रुसाइड, कॅल्शियम रोधक गटातली औषधे, श्वासावाटे दिली जाणारी भूल, या सगळ्यांनी आकसलेल्या वाहिन्या पुन्हा उघडतात. सेप्सिसमध्ये तर शरीर स्वतःच ती शक्ती गमावते. नवे औषध सुरू केल्यावर तासाभरात सॅच्युरेशन पडले, तर फुप्फुसाकडे बघण्याआधी सिरिंज पंपावरची लेबले वाचावीत.

कोविडच्या पहिल्या लाटेत या यंत्रणेची चर्चा पुन्हा झाली. इटलीत गॅतिनोनी यांनी २०२० मध्ये १६ रुग्णांची मोजमापे दिली. त्यांच्या फुप्फुसांची लवचीकता बऱ्यापैकी टिकून होती आणि तरी शंट सरासरी ५० टक्के होता. फुप्फुस फारसे कडक नाही, पण रक्त चुकीच्या जागी चालले आहे, असे ते चित्र होते. सॅच्युरेशन ८० च्या खाली असताना मोबाइलवर बोलत बसलेले रुग्ण आपल्याकडेही अनेक डॉक्टरांनी पाहिले. कार्बन डायऑक्साइड वाढलेला नसल्याने आणि फुप्फुस कडक नसल्याने त्यांना धाप जाणवत नव्हती.

शंट मोजण्याचे सूत्र स्वीडनच्या बेरग्रेन यांनी १९४२ मध्ये दिले. त्यासाठी धमनीतले रक्त हवे आणि फुप्फुसाच्या धमनीतले मिश्र शिरारक्तही हवे. १९४९ मध्ये रायली आणि कूरनाँ यांनी फुप्फुसाचे तीन कप्पे कल्पून हिशेब सोपा केला. १९७४ मध्ये वॅग्नर, सॉल्झमन आणि वेस्ट यांनी सहा निष्क्रिय वायू शिरेतून देऊन, खरा शंट आणि 'हवा कमी, रक्त जास्त' असलेला भाग वेगळा काढण्याची पद्धत विकसित केली. विज्ञान म्हणून ती अप्रतिम आहे. रोजच्या वॉर्डात ती कुणी करत नाही आणि करण्याची गरजही नाही.

रोजच्या कामात आपण धमनीतल्या ऑक्सिजनच्या दाबाला दिलेल्या ऑक्सिजनच्या प्रमाणाने भागतो. २०१२ च्या बर्लिन व्याख्येने एआरडीएसच्या तीव्रतेची विभागणी याच गुणोत्तरावर केली. २०० ते ३०० सौम्य, १०० ते २०० मध्यम, १०० किंवा त्याखाली तीव्र. सोपे आहे, पण हे गुणोत्तर म्हणजे शंट नव्हे. ऑक्सिजनचे प्रमाण बदलले की तेही बदलते, पीप बदलली की बदलते, आणि वरच्या हिशेबात दाखवल्याप्रमाणे हृदय दमले की बदलते. ते एकाच रुग्णात, एकाच सेटिंगवर, काळानुसार पाहावे. दोन खाटांवरच्या दोन रुग्णांची तुलना त्यावरून करू नये.

जिथे एबीजी यंत्र नाही तिथे काय करायचे, हा प्रश्न बर्लिनच्या बैठकीत बसलेल्यांना पडला नव्हता. रवांडातल्या किगालीमध्ये तो पडला. २०१६ मध्ये तिथून आलेल्या अभ्यासाने पल्स ऑक्सिमीटरचा आकडा आणि फुप्फुसाची सोनोग्राफी यांवर व्याख्या बेतली, आणि २०२४ च्या नव्या जागतिक व्याख्येने हा मार्ग स्वीकारला. आपल्या उपजिल्हा रुग्णालयांसाठी ही मोठी सोय आहे. एक सावधगिरी मात्र हवी. अमेरिकेत २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत ऑक्सिमीटर ९२ ते ९६ दाखवत असताना धमनीतले खरे सॅच्युरेशन ८८ च्या खाली असल्याचे कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के, तर गोऱ्यांत ३.६ टक्के नोंदींमध्ये आढळले. सावळ्या कातडीच्या देशात ९२ हा आकडा पाहून निश्चिंत होऊ नये.

१०० टक्के ऑक्सिजन देऊन शंट तपासण्याची जुनी पद्धतही जपून वापरावी. साध्या हवेतला नायट्रोजन रक्तात जवळपास जात नाही, त्यामुळे तो वायुकोशात राहून त्याला उघडे ठेवतो. निव्वळ ऑक्सिजन भरला आणि वाट अरुंद असली, की रक्त तो शोषून घेते आणि वायुकोश मिटतो. तपासणीनेच शंट वाढतो. ऑपरेशन थिएटरमध्ये हे रोज घडते. स्वीडनमध्ये १९८० च्या दशकात हेडेनस्टिएर्ना आणि सहकाऱ्यांनी सीटी स्कॅन करून दाखवले की पूर्ण भूल दिलेल्या बहुतेक रुग्णांच्या फुप्फुसाचा पाठीकडचा भाग काही मिनिटांत मिटतो.

कारणांचा शोध साध्या गोष्टींपासून सुरू करावा. ट्यूब सरकून उजव्या श्वासनलिकेत गेली का? डावे फुप्फुस पूर्ण बंद पडून अचानक मोठा शंट तयार होण्याचे हे नेहमीचे कारण आहे, आणि दोन सेंटिमीटर मागे ओढल्यावर प्रश्न सुटतो. घट्ट कफाची गुठळी अडकली का? छातीत हवा किंवा पाणी साचले का? स्टेथोस्कोप आणि सोनोग्राफी यांनी पाच मिनिटांत उत्तर मिळते. त्यानंतर न्यूमोनिया, हृदयविकारातले फुप्फुसातले पाणी, एआरडीएस. आपल्याकडे एआरडीएसची कारणे पाश्चात्त्य पुस्तकांपेक्षा वेगळी असतात. पावसाळ्यात मुंबई आणि कोकणात लेप्टोस्पायरोसिसमध्ये फुप्फुसात रक्तस्राव होतो. मलेरिया, डेंग्यू, स्क्रब टायफस, अजून निदान न झालेला क्षय, कीटकनाशकांची विषबाधा, हे सगळे यादीत असले पाहिजे. २००९ मध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, तेव्हा या शहराने इन्फ्लुएंझाने पांढरी पडलेली फुप्फुसे पाहिली. कारणाचा इलाज झाला नाही, तर व्हेंटिलेटरची कोणतीही करामत दोन-चार दिवसांपलीकडे टिकत नाही.

आणि कधी कधी फुप्फुस स्वच्छ असते आणि तरी शंट असतो. साधारण चारातल्या एका प्रौढाच्या हृदयात दोन कर्णिकांमधली जन्मापूर्वीची फट पूर्ण बुजलेली नसते. एरवी ती काही त्रास देत नाही. पण पीप वाढवली, फुप्फुसातला दाब चढला, हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण आला, की तीच फट उघडते आणि उजवीकडचे रक्त थेट डावीकडे जाते. फ्रान्समध्ये २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एआरडीएसच्या १९.२ टक्के रुग्णांत असा मध्यम किंवा मोठा शंट सापडला. पीप वाढवल्यावर सॅच्युरेशन घसरले, तर ही शंका घ्यावी. खळखळवलेले सलाईन शिरेत सोडून इको केला, की बुडबुडे एक-दोन ठोक्यांत डावीकडे दिसतात. तेच बुडबुडे तीन ते सहा ठोक्यांनी उशिरा दिसले, तर शंट फुप्फुसातल्या फुगलेल्या वाहिन्यांतून आहे. यकृताच्या जुन्या आजारात असे होते. रुग्णाला बसवले की सॅच्युरेशन पडते आणि आडवे केले की सुधारते, ही त्याची खूण. त्याचा खरा इलाज यकृत प्रत्यारोपण.

आता एआरडीएस. १९६७ मध्ये डेन्व्हरच्या ॲशबॉ, बिगेलो, पेटी आणि लेव्हिन यांनी 'लॅन्सेट'मध्ये १२ रुग्णांचे वर्णन केले. ऑक्सिजनला दाद न देणारी निळसर छटा, कडक फुप्फुसे, एक्स-रेवर दोन्ही बाजूंना पांढरे डाग. श्वास सोडल्यावरही फुप्फुसात थोडा दाब राखला तर ऑक्सिजन सुधारतो, हेही त्यांनी नोंदवले. तीच पीप. पुढची तीस वर्षे वैद्यकाने या धाग्याचा माग काढला. बंद वायुकोश उघडा, उघडे ठेवा, मोठे श्वास द्या, आकडा नीट आणा.

१९८० च्या दशकात गॅतिनोनी यांनी सीटीवर दाखवले की एआरडीएसचे फुप्फुस सगळीकडे सारखे कडक नसते. पाठीकडचा मोठा भाग भरलेला आणि छातीच्या पुढच्या बाजूचा थोडा भाग जवळपास निरोगी असतो. हवा घेणारा हा भाग पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या फुप्फुसाएवढा असू शकतो. प्रौढाच्या मापाचा श्वास त्यात कोंबला की तोच भाग फाटतो. २००० मध्ये अमेरिकेत ८६१ रुग्णांवरच्या चाचणीने हे सिद्ध केले. अपेक्षित वजनाच्या प्रतिकिलो १२ मिलिलिटर श्वास दिलेल्या गटात ३९.८ टक्के मृत्यू झाले, ६ मिलिलिटरच्या गटात ३१ टक्के. आणि पहिल्या काही दिवसांत ऑक्सिजनचे गुणोत्तर कमी श्वासाच्या गटातच वाईट होते. रात्रीच्या राउंडला ज्यांचे आकडे जास्त चांगले दिसले असते, त्यांच्यातले जास्त लोक गेले. या विषयात मला याहून महत्त्वाचा निष्कर्ष ठाऊक नाही. व्हेंटिलेटर चालवणाऱ्या प्रत्येकाने तो पाठ करावा.

त्यानंतरही तोच धडा पुन्हा पुन्हा मिळाला. २०१३ मध्ये अतिवेगवान कंपनांच्या व्हेंटिलेटरची ५४८ रुग्णांवरची चाचणी मध्येच थांबवावी लागली, कारण त्या गटात ४७ टक्के मृत्यू झाले आणि दुसऱ्या गटात ३५ टक्के. २०१७ मध्ये ब्राझीलच्या पुढाकाराने झालेल्या चाचणीत सुमारे १००० रुग्ण होते. एका गटात जोरदार दाब देऊन बंद फुप्फुस उघडले आणि मोठी पीप ठेवली. मृत्यू ५५.३ टक्के, नेहमीच्या उपचारात ४९.३ टक्के. श्वासावाटे दिलेला नायट्रिक ऑक्साइड तर शंटसाठी तत्त्वतः आदर्श उपाय वाटतो, कारण तो फक्त हवा असलेल्या भागातल्या वाहिन्या उघडतो. त्याने ऑक्सिजन सुधारतो, तोही काही दिवसच. मृत्यू कमी होत नाहीत आणि मूत्रपिंडाला धोका वाढतो. फुप्फुसातला दाब चढून हृदयाची उजवी बाजू कोसळत असेल, तेव्हा वेळ मारून नेण्यापुरते त्याला स्थान आहे.

पीप वाईट आहे, असा याचा अर्थ नाही. मध्यम आणि तीव्र एआरडीएसमध्ये योग्य पीप हवीच. पण फुप्फुसात उघडण्याजोगे काही आहे का, हे पाहून ती ठरवावी. पीप वाढवल्यावर फुप्फुसाची लवचीकता सुधारली, रक्तदाब टिकला आणि ऑक्सिजन वाढला, तर ती कामी आली. लवचीकता कमी झाली आणि रक्तदाब पडला, तर चांगले वायुकोश ताणले जात आहेत आणि तिथले रक्त ढकलले जाऊन वाईट भागाकडे चालले आहे. एकाच बाजूच्या न्यूमोनियात हे बरेचदा होते. अशा रुग्णाला चांगली बाजू खाली ठेवून कुशीवर झोपवावे, म्हणजे गुरुत्वाने रक्त चांगल्या फुप्फुसाकडे जाते. दोन अपवाद लक्षात ठेवायचे. फुप्फुसातून मोठा रक्तस्राव होत असेल, तर रक्तस्रावाची बाजू खाली, नाहीतर चांगले फुप्फुसही भरते. आणि तान्ह्या बाळात नियम उलटा, चांगली बाजू वर.

आता पालथे झोपवण्याविषयी. इथे थोडे रेंगाळायचे आहे, कारण शंट कमी करणारा आणि जीवही वाचवणारा हा उपाय आहे, आणि त्याला नवे यंत्र लागत नाही. माणूस उताणा असताना हृदयाचे आणि सुजलेल्या फुप्फुसाचे वजन पाठीकडच्या भागावर पडते आणि तो मिटतो. फुप्फुसाचा मोठा वाटा याच भागात आहे आणि रक्तही तिकडेच जास्त जाते. पालथे केले की हृदय छातीच्या हाडावर टेकते आणि पाठीकडचा भाग उघडतो. रक्त मात्र फारसे जागा बदलत नाही, पाठीकडेच वाहत राहते. आता तिथे त्याला हवा भेटते.

१९७६ मध्ये अमेरिकेत पील आणि ब्राउन यांनी पाच रुग्णांवर याचा अनुभव मांडला. २००१ मध्ये इटलीतल्या ३०४ रुग्णांच्या चाचणीत रोज सरासरी सातच तास पालथे ठेवले होते. ऑक्सिजन सुधारला, मृत्यू कमी झाले नाहीत. २०१३ मध्ये फ्रान्समध्ये गेरँ यांच्या चाचणीत गुणोत्तर १५० च्या खाली असलेल्या ४६६ रुग्णांपैकी एका गटाला रोज किमान १६ तास पालथे ठेवले, श्वासही लहान ठेवले. २८ दिवसांत मृत्यू १६ टक्के, उताण्या गटात ३२.८ टक्के. म्हणजे पालथ्या केलेल्या साधारण प्रत्येक सहा जणांमागे एक जीव. आणि पुन्हा तीच गोष्ट. पुढच्या विश्लेषणात दिसले की पालथे केल्यावर ज्यांचा ऑक्सिजन फार सुधारला नाही, त्यांनाही फायदा झाला होता. ताण सगळ्या फुप्फुसावर सारखा वाटला जातो आणि चांगला भाग फाटण्यापासून वाचतो, हे त्याचे कारण असावे. म्हणून "पालथे करून पाहिले, सॅच्युरेशन वाढले नाही, पुन्हा उताणे केले" हे चूक आहे.

इतका पुरावा असूनही २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५० देशांच्या पाहणीत तीव्र एआरडीएसच्या फक्त १६.३ टक्के रुग्णांना पालथे केले गेले होते. कोविडने चित्र बदलले. एप्रिल २०२१ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने घरी असलेल्या रुग्णांनाही पालथे झोपण्याच्या सूचना चित्रांसह दिल्या, आणि ऑक्सिजनच्या टाकीसाठी रांगा लागलेल्या त्या दिवसांत गावोगावी लोक चार-पाच उशा घेऊन पालथे पडून राहिले. त्याच वर्षी सहा देशांतल्या ११२६ जागृत रुग्णांच्या एकत्रित चाचणीत, ट्यूब लागण्याचे किंवा मृत्यूचे प्रमाण पालथे झोपणाऱ्यांत ४० टक्के आणि इतरांत ४६ टक्के आले. मृत्यूत मात्र स्पष्ट फरक दिसला नाही. जागृत रुग्णाने पालथे झोपावे, पण थकवा वाढत असेल तर त्या आशेवर ट्यूब लांबवू नये.

एवढे करूनही भागले नाही तर एक्मो, म्हणजे रक्त शरीराबाहेर नेऊन त्यात ऑक्सिजन भरणारे यंत्र. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २४९ रुग्णांच्या चाचणीत ६० दिवसांतले मृत्यू ३५ टक्के, नेहमीच्या उपचारात ४६ टक्के. फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला थोडक्यात उतरला नाही, त्याचे एक कारण असे की नेहमीच्या उपचारातल्या २८ टक्के रुग्णांनाही शेवटी एक्मोवर घ्यावे लागले होते. ज्या केंद्रांना त्याचा सराव आहे तिथे निवडक रुग्णांसाठी ते योग्यच आहे. पण पालथे न करताच एक्मोसाठी रुग्ण शेकडो किलोमीटर हलवणे आणि त्यासाठी कुटुंबाने जमीन विकणे, हे मला मान्य नाही.

मग किती सॅच्युरेशन चालेल? २००० च्या अमेरिकन चाचणीने ८८ ते ९५ हे लक्ष्य वापरले होते. फ्रान्समध्ये धमनीतला ऑक्सिजनचा दाब ५५ ते ७० इतका खाली ठेवून पाहिलेली चाचणी लवकर थांबवावी लागली, कारण त्या गटात पाच रुग्णांच्या आतड्यांचा रक्तपुरवठा तुटला. २०२१ मध्ये सुमारे २९०० रुग्णांवरच्या चाचणीत त्याच दाबाच्या ६० आणि ९० या दोन लक्ष्यांत फरक आढळला नाही. माझ्या मते सॅच्युरेशन ९० ते ९६ च्या मध्ये राहावे, आणि ९९ दिसले की समाधान न मानता ऑक्सिजन कमी करावा. लघवी होते आहे, लॅक्टेट वाढत नाही, हातपाय उबदार आहेत आणि सॅच्युरेशन ९० आहे, अशा रुग्णाचा आकडा ९५ करण्यासाठी त्याच्या फुप्फुसावर जबरदस्ती करू नये.

महाराष्ट्रात कोविडच्या काळात जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांत व्हेंटिलेटर आले, ऑक्सिजनचे प्रकल्प उभे राहिले. पालथे करायला मात्र यंत्रापेक्षा माणसे लागतात. डोक्याशी ट्यूब धरणारा एक डॉक्टर, दोन्ही बाजूंना दोन-दोन सिस्टर किंवा मामा, डोळे झाकायला, गालाखाली आणि गुडघ्याखाली मऊ गाद्या ठेवायला, दर दोन-तीन तासांनी मान फिरवायला सवयीचे हात. ट्यूब निसटणे, कफाने बुजणे, चेहऱ्यावर व्रण पडणे, हे धोके खरे आहेत आणि सरावाने कमी होतात. मणका अस्थिर असेल किंवा मेंदूतला दाब वाढलेला असेल तर पालथे करू नये, हे त्या सगळ्यांना ठाऊक हवे. प्रत्येक जिल्हा रुग्णालयाने चार-पाच जणांचा असा गट तयार करावा, वर्षातून दोनदा त्याची तालीम घ्यावी आणि प्रत्येक पाळीत त्यातले कुणी ना कुणी हजर राहील अशी ड्युटी लावावी. आणि नातेवाईकांना विनंती अशी की तुमचा माणूस पालथा दिसला तर घाबरू नका. हात लावून बोला, आणि सिस्टरला विचारा की त्याला किती तास असे ठेवणार आहात. सोळा तासांहून कमी असेल, तर त्याचे कारण विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.